बिनचेनीचा सेनापती

"चेन लावणार नाही," शिंप्यानं मापाची टेप गळ्यात अडकवत ठणकावून सांगितलं. "अंतराळात चेन उघडली तर माणूस जागच्या जागी खलास. असलं पाप मी माझ्या हातानं करणार नाही."

लंबू दोन्ही हात आडवे पसरून दुकानाच्या मधोमध उभा होता. मापं कधीच घेऊन झाली होती, पण 'हात खाली करा' असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितल्याशिवाय काही करायची त्याला सवय नव्हती. तो पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार कारकून होता. कुणाचा नळ गळतोय, कुठली पाइपलाइन फुटलीय, हे दिवसभर फोनवर ऐकायचं आणि 'माणूस पाठवतो' म्हणायचं, एवढंच त्याचं काम. अशा माणसाला आंतर-कार्यालयीन नाट्यस्पर्धेत अंतराळ सेनापतीची भूमिका मिळाली, ती केवळ उंचीमुळे. नाटक लिहिलं होतं हेडक्लार्कांनी, दिग्दर्शनही त्यांचंच, आणि आत्ता शिंप्याशी कडाक्याचं भांडत होते तेही हेच हेडक्लार्क.

"मला एक सांगा," शिंपी म्हणाला, "तुमच्या नाटकातल्या या लोकांना तिकडं पोचायला किती दिवस लागतात?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं! अहो, माझं आणि शेजारच्या न्हाव्याचं भांडण तीन दिवस टिकत नाही. चौथ्या दिवशी कशावरून भांडत होतो तेच आठवत नाही. तीन वर्षं डब्यात बसून गेल्यावर यांना राग कसा काय राहतो?"

"हे काय न्हाव्याचं भांडण आहे का? हे ग्रहासाठी महायुद्ध आहे. त्यात किरणतोफा आहेत. बटण दाबलं की समोरचं यान लोण्यासारखं वितळतं!"

"आणि वीज कुठली? मी इस्त्री लावली की वरच्या मजल्यावरचा पंखा दमानं फिरायला लागतो."

"सूर्यावरची वीज."

"आणि सूर्याकडं पाठ असली तर?"

हेडक्लार्कांनी नाटकाची वही चाळली. मग म्हणाले, "तेव्हा यानाभोवती अदृश्य कवच असतं."

"ते शिवलं कुणी?" शिंप्यानं विचारलं आणि विजयी मुद्रेनं लंबूकडं पाहिलं. लंबूला हसू आलं, पण हेडक्लार्क त्याच्या रजेचे अर्ज मंजूर करत असल्यामुळं त्यानं ते गिळलं.

"बरं, ते सगळं सोडा," शिंपी म्हणाला. "हे वीर असा बंदिस्त पोशाख घालून लढायला निघाले. मध्येच लागली तर?" आणि त्यानं करंगळी वर केली.

हेडक्लार्कांचा चेहरा लाल झाला. सहा महिने जागून लिहिलेल्या महायुद्धाची अशी करंगळीवर बोळवण झालेली त्यांना सहन होईना. "माझ्या सेनापतीला असल्या क्षुद्र गोष्टी लागत नाहीत! तुम्ही फक्त शास्त्रशुद्ध पोशाख शिवा. टाचणी जाईल एवढंही भोक नको. परीक्षकांनी येऊन तपासला तरी खुशाल तपासू देत."

"शिवतो! पण मग पूर्ण शास्त्रच पाळायचं. नंतर कुरकुर चालणार नाही."

"मग मी आत जाणार कुठून?" लंबूनं विचारलं. दोघांनाही त्याची आत्ताच आठवण झाल्यासारखं दिसलं.

"मागून. तुम्ही आत शिरलात की मानेपासून कमरेपर्यंत मी अंगावरच शिवून टाकणार. नायलॉनचा दोरा, दुहेरी टाके. नाटक संपलं की उसवतो. तासाभराचा तर प्रश्न आहे. आणि हात खाली करा आता."

प्रयोगाच्या दिवशी लंबूच्या घशाला सकाळपासून कोरड पडली होती. कारण साधं होतं. चौथ्या रांगेत त्याची बायको बसणार होती, आणि तिच्या शेजारी सासरे, सासूबाई, दोन मेहुणे आणि त्यांच्या बायका. सासऱ्यांनी आजवर जावयाबद्दल एकच मत व्यक्त केलं होतं, 'माणूस उंच आहे.' बायकोनं मात्र यंदा माहेरी फोन करकरून सांगितलं होतं, "एकदा या तर खरं. यांचं काम बघाल तर थक्क व्हाल." एवढ्या वर्षांत तिनं नवऱ्याची फुशारकी मारायची ही पहिलीच वेळ. तिला तोंडघशी पाडायचं नाही, एवढं एकच लंबूनं मनाशी पक्कं केलं होतं. आणि ते पक्कं करताना तो घोट घोट पाणी पीत होता. पाणीपुरवठ्याच्या माणसाला पाण्याची काय कमी! कार्यालयानं कलाकारांसाठी भला मोठा जार पाठवला होता. शिंप्यानं शेवटचा टाका घातला तेव्हा बराचसा जार सेनापतींच्या पोटात होता.

वेळेवर पडदा उघडला असता तर सगळं निभावलं असतं. पण त्यांच्या आधी वीज कार्यालयाचं शोकनाट्य होतं आणि त्यातला नायक मरता मरेना. आधी त्यानं आईचा निरोप घेतला, मग भावाचा, मग जिच्याशी लग्न झालं नव्हतं तिचा. लंबू विंगेत उभा राहून ऐकत होता. सुरुवातीला त्याला नायकाचं वाईट वाटलं. मग हळूहळू स्वतःचं वाटू लागलं. नायकानं मित्राला हाक मारली तेव्हा सेनापतींनी एक पाय दुसऱ्या पायावर टाकला.

"साहेब," तो हेडक्लार्कांच्या कानाशी कुजबुजला, "मला जरा जाऊन यायचंय."

"कुठं?"

लंबूनं करंगळी वर केली. चंदेरी हातमोजा एवढा जाड होता की पाचही बोटं वर झाली.

"आत्ता? अहो, आता शिवलंय तुम्हाला! उसवून पुन्हा शिवायला वेळ आहे का? हा आत्ता मरेल बघा."

"शिंपी कुठाय?"

"प्रेक्षकांत जाऊन बसला. माझं नाटक कसं पडतं ते बघायला! तुम्ही मन घट्ट करा. सेनापती आहात तुम्ही."

लंबूनं मन घट्ट केलं. मनाबरोबर आणखी बरंच काही घट्ट करावं लागलं. अखेर नायकानं प्राण सोडला, प्रेक्षकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या आणि महायुद्धाचा पडदा वर गेला.

पहिली पाच मिनिटं त्यानं कशीबशी काढली. प्लॅस्टिकच्या गोल शिरस्त्राणातून त्याला चौथी रांग स्पष्ट दिसत होती. बायको पुढं सरसावून बसली होती. सासरे हाताची घडी घालून बसले होते. आणि समोर शत्रूचा सम्राट होता, म्हणजे त्यांच्याच कार्यालयातला कॅशिअर. एकेक वाक्य असं मोजून टाकत होता, जणू खिडकीत बसून नोटा मोजतोय.

"सेनापती!" कॅशिअर गरजला. "हा ग्रह... आमच्या... हवाली करा!"

इथं लंबूनं म्हणायचं होतं, 'या ग्रहाचा धुळीचा कणही मिळणार नाही!' मग तुंबळ युद्ध, मग कवच फुटणं, मग पृथ्वीच्या आठवणीचं दीड पानी स्वगत. ते स्वगत गुडघे टेकून म्हणायचं होतं. त्या गुडघ्यांचा विचार मनात येताच लंबूच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. आता जे व्हायचं ते चौथ्या रांगेसमोर होणार, आणि मग बायकोला जन्मभर माहेरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे त्याला लख्ख दिसलं.

"घ्या," तो म्हणाला.

कॅशिअरनं डोळे मिचकावले. "काय?"

"ग्रह. घ्या. अख्खा घ्या."

प्रॉम्प्टिंग करणाऱ्या हेडक्लार्कांनी विंगेतून डोकं बाहेर काढलं. "कणही मिळणार नाही! कणही!" ते दातओठ खात सांगू लागले.

कॅशिअर प्रामाणिक माणूस होता. पाठ केलेलं सोडून त्याला काही येत नव्हतं. त्यानं पुढचं वाक्य टाकलं. "मग भोगा... आमच्या... किरणतोफेचा प्रताप!"

"कशाला?" लंबू कळवळून म्हणाला. त्याचा आवाज माइकमधून सभागृहभर घुमला, आणि त्या आवाजात असं काही आर्त होतं की मागच्या रांगेतली कुजबुजही थांबली. "कशाला हवी तोफ? तीन वर्षं डब्यात बसून इतक्या लांब आलो, ते काय भांडायला? घरी जागा नव्हती भांडायला? सम्राट, तुम्हाला घर आहे ना?"

"आहे," कॅशिअर गोंधळून म्हणाला. हे त्याचं नाटकातलं वाक्य नव्हतं, पण खरं होतं.

"मग घरी जा! मलाही जाऊ द्या! माणसाला शेवटी काय हवं असतं हो? राज्य? ग्रह? काही नको! एक छोटीशी जागा... आणि दाराला आतून कडी!"

सभागृहात टाळी पडली. एक, मग दहा, मग सगळीकडून. सेनापती डोलत होते, पायावर पाय वळवत होते, त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

"पण आम्ही आणलेली शस्त्रं?" कॅशिअरनं शेवटचा प्रयत्न केला.

"परत न्या!" सेनापती ओरडले, आणि कॅशिअरचा हात घाईघाईनं हलवून, झाला तह म्हणत ते विंगेत धावत सुटले. ते धावणं काही वीराचं नव्हतं. गुडघे एकमेकांना चिकटलेले होते. पण पडदा ओढणाऱ्याला वाटलं, संपलं. त्यानं पडदा ओढला.

"तेरा पानं!" हेडक्लार्क कपाळ बडवत सामोरे आले. "तेरा पानं राहिली माझी! माझं महायुद्ध!"

"कात्री!" लंबू म्हणाला.

"कात्री शिंप्याकडं. आणि कापायचं नाही हां! कार्यालयाच्या निधीतून शिवलाय, मोठे साहेब विचारतील."

लंबूनं भिंतीला डोकं टेकलं. आता सगळं संपलं, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात मागच्या दारातून बायको आली. तिनं शिंप्याला दंडाला धरून आणलं होतं.

"आधी उसवा यांना," ती म्हणाली. "उभे काय राहिलात?"

"तुला कसं कळलं?" लंबूनं कण्हत विचारलं.

"इतकी वर्षं संसार केला, मला कळत नाही होय? लांबच्या प्रवासात बस थांबत नाही तेव्हा अस्साच चेहरा होतो तुमचा. लोकांना वाटलं अभिनय! काका, लवकर करा हो!"

"आपला टाका असा सहजासहजी निघत नाही," शिंपी अभिमानानं म्हणाला खरा, पण लंबूचा चेहरा पाहून त्यानं टाक्यांचा नाद सोडला आणि कमरेपासून मानेपर्यंत कापडच सरळ कापून काढलं. हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले. अर्धा पोशाख मागं लोंबकळत असताना सेनापती स्वच्छतागृहाकडच्या बोळात दिसेनासे झाले.

पुढचे काही क्षण लंबूच्या आयुष्यातले अत्यंत सुखाचे होते. त्याला सगळ्या जगाबद्दल प्रेम वाटलं. हेडक्लार्कांबद्दल वाटलं, कॅशिअरबद्दल वाटलं, वीज कार्यालयाच्या त्या मरणाऱ्या नायकाबद्दलसुद्धा वाटलं. आता बाहेर काय व्हायचं ते होवो, असं म्हणत त्यानं कडी काढली.

दाराबाहेर काठी टेकत एक वयस्कर गृहस्थ उभे होते. छातीवर बिल्ला होता, 'मुख्य परीक्षक'. त्यानं कापलेला पोशाख पाठीमागं एका हातानं गोळा करून धरला.

"सर, ते नाटक... माझी चूक..."

"झालं तुमचं?" परीक्षकांनी विचारलं.

"हो."

"मग बाजूला व्हा!"

दार धाडकन लागलं. लंबू तिथंच थांबला, कारण रागावलेल्या परीक्षकांसमोरून निघून जाणं बरं दिसलं नसतं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. आत गेलेला माणूस आणि बाहेर आलेला माणूस एकच आहे, यावर विश्वास बसू नये इतका त्यांचा चेहरा निवळला होता.

"तो तह लेखकानं लिहिला होता, की तुमच्या मनाचा?" हात धुता धुता त्यांनी विचारलं.

"माझ्या," लंबू मान खाली घालून म्हणाला.

"वाटलंच. लेखक लोक असं मध्ये थांबत नाहीत." त्यांनी रुमालानं हात पुसले. "अहो, दुपारपासून खुर्चीत आहे मी. नाटक चालू असताना परीक्षकानं उठायचं नाही, असा नियम. नियम मीच केलाय, कुणाला सांगणार? तो नायक मरेना, मागोमाग तुम्ही महायुद्ध घेऊन आलात. म्हटलं, आज आपली अब्रू काही घरी जात नाही. आणि तुम्ही ग्रह देऊन टाकलात!" त्यांनी लंबूचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. "पहिली टाळी माझी होती."

निकाल लागला तेव्हा मुख्य परीक्षक माइकवर वेगळंच बोलले. युद्धाची निरर्थकता, शांततेची तळमळ आणि प्रयोगाचा नेमका, आटोपशीर कालावधी यांसाठी पहिलं पारितोषिक पाणीपुरवठा कार्यालयाला, आणि अभिनयाचं लंबूला. ढाल घेताना हेडक्लार्कांनी सांगितलं की हा शेवट पहिल्यापासून त्यांच्या मनात होता. शिंपी खाली जो भेटेल त्याला सांगत होता की अंतराळात जाऊन भांडणं परवडत नाही हे शेवटी त्याचंच म्हणणं खरं ठरलं. दोघंही वाद जिंकले होते आणि एकमेकांना पाहून हसत होते.

सासरे गर्दीतून वाट काढत आले. त्यांचे डोळे ओले होते. "जावईबापू," ते म्हणाले, "ती घराची तळमळ... काय दाखवलीत! आमच्या मुलीचं नशीब." आणि त्यांनी वर हात करून जावयाच्या खांद्यावर थाप मारली. बायको बाजूला उभी होती. तिची मान ताठ होती आणि हसू दाबता दाबता तिचे गाल दुखत असावेत. लंबूच्या छातीवरचं सगळं ओझं उतरलं.

"चला निघू या," ती म्हणाली. "बस लांबची आहे. वाटेत थांबत नाही."

"आलोच," लंबू म्हणाला, आणि पुन्हा बोळाकडं वळला.