टाकीतलं विमान

भाईंदरजवळच्या पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाक्या धुवायला माणसं आली होती. त्यातल्या एकाने गच्चीवरून वाकून मला शांतपणे कळवलं, "सेक्रेटरी साहब, टंकी में प्लेन है." दुसऱ्या एखाद्या सेक्रेटरीला धक्का बसला असता. मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन करंदीकरांची बेल वाजवली.

करंदीकर पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाल्यावर लालबागची खोली विकून इकडे आले. बायको वारलेली, मुलगा इंग्लंडमध्ये, घरात एकटेच. भेटल्यावर माणसं हवापाण्याचं बोलतात. करंदीकर पहिल्या महायुद्धाच्या सुमाराच्या ब्रिटिश लष्करी समुद्री विमानांचं बोलतात. चाकांच्या जागी होडीसारखे दोन फ्लोट, पाण्यावरून उडायचं, पाण्यावरच उतरायचं. 'उतरायचं' हा शब्द त्यांच्याच सांगण्यानुसार जरा आशावादी आहे. आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत त्यांचं एक तरी विमान बुडालेलं असतं.

"मुळात बघा," अशी त्यांची सुरुवात असते. "मुळात बघा, प्रॉब्लेम विमानाचा नव्हताच. पाण्याचा होता." सपाट तळाचा फ्लोट पाण्याला चिकटून बसतो, इंजिन कितीही ओरडो. मग कुणीतरी तळाला एक पायरी पाडली आणि पाणी सुटलं. ही पायरी सांगताना करंदीकरांचा आवाज हळवा होतो. सोसायटीतल्या पटेलभाईंच्या आई गेल्या तेव्हा ते सांत्वनाला गेले आणि पायरीवर आले. अर्ध्या तासाने पटेलभाईच विचारत होते, "फिर पायलट का क्या हुआ?"

केबिन रोडच्या स्टेशनरीवाल्याने एकदा मॉडेलसाठी लागणाऱ्या हलक्या बाल्सा लाकडाच्या पट्ट्या देताना विचारलं, नातवाचा प्रोजेक्ट आहे का. नाही, करंदीकर म्हणाले, ब्रिटिश नौदलाचा आहे. तो दुकानदार अजून त्यांना उठून नमस्कार करतो.

तर टाकीतल्या विमानावर कमिटीची मीटिंग झाली. आरोप गंभीर होता, पिण्याचं पाणी. करंदीकरांनी नाकारलं काहीच नाही. दोरी बांधून फ्लोटची चाचणी घेत होतो, दोरी सुटली, फ्लोट गळका निघाला, असं त्यांनी सांगितलं. एवढंसं झाकण, त्यातून विमान आत गेलंच कसं, असं एका सभासदाने विचारलं. ती चूक होती. जहाजावर जागा कमी म्हणून ही विमानं पंख दुमडणारी कशी झाली, यावर पुढची वीस मिनिटं गेली. शेवटी टाकीला कुलूप लावायचं ठरलं, आणि करंदीकरांना पाण्याची दुसरी सोय बघायला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

म्हणून एका रविवारी दुपारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन उत्तनजवळच्या पालीच्या किनाऱ्यावर गेलो. मागे करंदीकर, त्यांच्या मांडीवर दुमडलेल्या पंखांचं विमान. बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींनी हात थांबवून विचारलं, "काय हाय यो?" करंदीकरांनी सगळं सांगितलं, पायरीसकट. मावशींनी फ्लोट उलटा करून बघितला. आमच्या होडीचा तळ असा न्हाय, म्हणाल्या, आणि जरा आडोशाला, जिथे लाटा कमी होत्या, ती जागा दाखवली.

करंदीकर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले. पंख्याचा रबर पिळून त्यांनी विमान पाण्यावर ठेवलं आणि सोडलं. ते पाणी कापत गेलं, अडखळलं, आणि मग खरोखर सुटलं. दोन वीत वर असेल. पाचसहा हात उडालं, डाव्या पंखावर कललं आणि नाक खाली करून पडलं. मी मोबाइलवर सगळं घेतलं होतं. मावशी हसत होत्या. करंदीकर ओल्या पँटने उभे होते.

त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. स्पीकरवर होता. "सुटलं रे पाणी," एवढंच ते म्हणाले. मुलगा म्हणाला, बाबा, आत्ता जरा बाहेर आहे, नंतर करतो. बरं बरं, करंदीकर म्हणाले, काही विशेष नाही.

फोन खिशात ठेवून ते वाळूत बसले. मी उगाच विमानाचं पाणी निथळवत राहिलो. मग त्यांनी आपणहून सांगितलं. मुलगा इंग्लंडला गेला तेव्हा दर रविवारी फोन यायचा. जेवलात का, हो जेवलो, की संपलं. एकदा त्याने सहज सांगितलं, माझ्या घराजवळ एक जुना उतार आहे, तिथून पूर्वी समुद्री विमानं पाण्यात सोडायचे. करंदीकरांनी आठवडाभर वाचून काढलं. पुढच्या रविवारी बापलेक पाऊण तास बोलले.

"आता तो तिथे राहत नाही," करंदीकर म्हणाले. "दोन वर्षं झाली शहर बदलून. त्याला आता यात रस नाही, कळतं मला. पण दुसरा विषय मला सापडत नाहीये."

मी विमानाचे पंख दुमडले. मावशींना सांगून आम्ही निघालो. उत्तन मागे पडलं तरी मागून आवाज नाही. इतकी वर्षं मी या माणसाला चुकवायला जिन्याने उतरत आलो होतो. आरशात बघत मी विचारलं, "काका, त्या वैमानिकांना पोहता यायचं का हो?"

मग ते मागून पुढे सरकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "मुळात बघा..."

मी स्कूटर हळू केली. भाईंदर तसं फार लांब नव्हतं.