दसारामभाऊ नुसतं विचारतात

गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवल्याशिवाय दसारामभाऊ महत्त्वाचा प्रश्न विचारत नाहीत. पाऊसपाणी, धानावरची कीड, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं ही सगळी बोलणी फेस लावतानाच उरकतात. मग मान मागे जाते, माणूस छताकडे बघायला लागतो, हनुवटीखाली थंड पातं लागतं आणि वरून मऊ आवाज येतो, "काल किती झाली जी?"

अशा वेळी मान हलवता येत नाही. खोटं बोलायचं तर आवंढा गिळावा लागतो आणि तो नेमका पात्याखालूनच जातो. मोहाडीच्या बाजार रस्त्यावरच्या त्या लहानशा सलूनमध्ये लोक जितकं खरं बोलतात, तितकं प्रतिज्ञापत्रावरही बोलत नसतील.

दसारामभाऊंचं वय साठीच्या आसपास. अंगानं काटक, डोक्याला पूर्ण टक्कल. "न्हाव्याच्या डोक्यावर केस नसले म्हंजे गिऱ्हाइकाले भरवसा वाटते, का बा यानं सारी कला लोकाइच्या डोक्यावर वापरली," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हाताबद्दल दुमत नाही. गालावरून वस्तरा गेला की नाही, हे आरशात पाहूनच कळतं. पार करडी गावापासूनचे म्हातारे बाजाराच्या दिवशी खास त्यांच्याकडे दाढीला येतात आणि प्रश्नासकट दाढी करून जातात.

सल्ला मात्र ते कोणालाच देत नाहीत. कोणी चिडलाच, "तुले काय करायचं बे?" म्हणालाच, तर वस्तरा पुसत शांतपणे म्हणतात, "काही नाही जी. नुसतं विचारून राह्यलो."

एकदा एक पुढारी असाच चिडला. कडक इस्त्रीचे कपडे, बाहेर चार माणसं उभी. दसारामभाऊंनी विचारलं, "साहेब, घरून निघताना एकच घ्याची म्हणून निघता, अना तीन होते, असं हप्त्यातून किती डाव होते?" पुढारी ताडकन उठले. गळ्यातलं फडकं भिरकावलं, "दाढी कर, चौकशी करू नको," म्हणत भर बाजारात निघून गेले. दसारामभाऊ जागचे हलले नाहीत. फेस पुन्हा घोटत बसले. पाच मिनिटांत पुढारी परत आले. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर फेस वाळलेला. अर्ध्या दाढीचा माणूस जाणार कुठे? खुर्चीत बसून त्यांनी मान मागे टाकली आणि हळूच म्हणाले, "पाच डाव." दसारामभाऊ "हं" एवढंच म्हणाले आणि डावा गाल पूर्ण केला.

'कंट्रोल' या शब्दावर त्यांचा भारी राग. कोणी म्हणालं, "मी घेतो, पण माझा कंट्रोल आहे," की त्यांचा हात थांबतो. "मले भेंडीची भाजी लय आवडते जी. पण भेंडी माह्या कंट्रोलमधी हाय, असं मी गावभर सांगत फिरत नाही. ज्याले सांगा लागते, त्यानं जरा सोताकडे पाह्यलं पाह्यजे."

लाखांदूरहून बदली होऊन मी मोहाडीच्या शाळेत गणित शिकवायला आलो, तेव्हा मला हा माणूस गमतीदार वाटला. बायको भंडाऱ्याला नोकरीत, मुलगी मानसी नववीत, तिची शाळाही तिथलीच. म्हणून सोमवार ते शनिवार मी इथे एका खोलीत एकटा. संध्याकाळी दोन सहकारी यायचे. सुरुवातीला शनिवारी, घरी जायच्या तासभर आधी थोडीशी. मग बुधवारीही, आठवडा लांब वाटतो म्हणून. मग सहकारी यायचे बंद झाले आणि बाटली राहिली. यातलं काहीही मला तेव्हा दिसत नव्हतं. मी शाळेला एक दिवस दांडी मारली नव्हती. माझे फळ्यावरचे आकडे सरळ होते.

तिसऱ्या की चौथ्या दाढीला पातं गळ्याला लागलं. "गुरुजी, पह्यले जेवढीनं बरं वाटे, तेवढीनं आता वाटते का जी?"

"मी रोज दोनच घेतो," मी छताला सांगितलं.

"रोज," दसारामभाऊ म्हणाले. 'दोनच'बद्दल ते काहीच बोलले नाहीत.

मला राग आला. पुढचे तीन आठवडे मी स्टँडजवळच्या दुसऱ्या सलूनमध्ये गेलो. तिथला पोरगेला कारागीर प्रश्न विचारत नसे, कारण त्याचं लक्ष मोबाईलमध्ये असे. तिसऱ्या आठवड्यात त्यानं माझ्या कानाखाली असं कापलं की वर्गात पोरं विचारायला लागली. कानाला पट्टी लावून मी मुकाट्यानं जुन्या खुर्चीत परत आलो. दसारामभाऊंनी पट्टीकडे पाहिलं, त्या दुसऱ्या सलूनबद्दल एक अक्षर काढलं नाही आणि त्या दिवशी प्रश्नाऐवजी स्वतःची गोष्ट सांगितली.

"मी मोहाची दारू प्यायचो गुरुजी. पंधरा वर्षं. कधी नालीत नाही पडलो. बायकोवर हात नाही उचलला. दुकान एक दिवस बंद नाही ठेवलं. नालीत पडलेला माणूस दिसला का मले लय बरं वाटे. म्हनो, बेवडा तो हाय, मी नाही."

"मग?"

"सकाळी हात कापे. एक घोट मारला का सरळ. लोकाइलेही मालूम. म्हणत, थांबा बे, दसारामची होऊ द्या, मंग त्याचा हात पाहा, लोण्यावाणी चालते. दाढीले आलेले लोक बाहेर उभे राहून माह्या घोटाची वाट पाहत. सारा गाव मले मदत करे जी." ते स्वतःशीच हसले. मग हसू थांबलं. "बाप मेला सकाळीच. आंगणात ठेवला होता. सारे रडून राह्यले होते. अना मी मागच्या दारानं सांदीत जाऊन शिशी शोधत होतो. मले रडूच येत नव्हतं. डोक्यात एकच, शिशी कुठं ठेवली. सापडली, प्यालो, मंग येऊन बापाजवळ बसून रडलो. रडता रडता मले समजलं, का दसाराम, आज तुह्या बापाचा नंबर दुसरा लागला."

त्यांनी माझा गाल पुसला. मी आरशात त्यांच्याकडे पाहत होतो, ते वस्तऱ्याकडे.

तेराव्यानंतर त्यांनी एका दिवसात दारू सोडली. कोणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानातच झटका येऊन पडले, आरशाची काच कपाळात घुसली. ती खूण अजून आहे. भंडाऱ्याला दवाखान्यात शुद्धीवर आले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, अंगाला इतक्या वर्षांची सवय असेल तर अचानक बंद केल्यावर जीवही जाऊ शकतो, औषध देऊन, लक्ष ठेवून सोडवावी लागते. त्यानंतरही दोनदा सुरू झाली, दोनदा पुन्हा दवाखाना. तिसऱ्यांदा सुटली, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून एवढी एकच गोष्ट ते विचारत नाहीत, सांगतात. "सोडायची तं डॉक्टरले सांगून सोडजा. एकट्यानं मर्दानगी दाखवू नका."

गोष्ट ऐकून मी हळहळलो. हळहळताना मनात म्हणालो, बिचारा. माझं असं काही नाही.

मग एका गुरुवारी मानसीचा फोन आला. संध्याकाळचे सात वाजत होते. समीकरणांचा धडा तिला अडला होता. मी समजावून सांगितलं, तिला समजलं, मला अभिमान वाटला. म्हणालो, "अजून काही अडलं तर जेवण झाल्यावर कर फोन. मी आहेच."

"नको बाबा," ती म्हणाली. "गणिताचं मी साडेसातच्या आतच विचारते. नंतर तुम्ही तेच तेच सांगता."

ती चिडून बोलली नव्हती. बसचं वेळापत्रक सांगावं तसं तिनं सांगितलं. "आईपण म्हणते, कामाचं असलं तर आधीच बोलून घे." मग तिनं नेहमीसारखं "जेवून घ्या हां" म्हटलं आणि फोन ठेवला.

माझ्या घरात माझ्याभोवती वेळापत्रक तयार झालं होतं आणि ते मला सोडून सगळ्यांना पाठ होतं. समोर टेबलावर ग्लास होता. तो फोन येण्याआधीच मी भरून ठेवला होता आणि फोन चालू असताना माझं अर्धं लक्ष त्याच्याकडे होतं, हेही तेव्हाच ध्यानात आलं. वाईट याचं वाटतं की इतकं समजूनही मी तो प्यालो. घेणार नाही असं ठरवलं आणि दहा मिनिटांत घेतला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी आठला मी सलूनमध्ये गेलो. बाकावर तिघं आधीच बसलेले. मी खुर्चीतही बसलो नाही, उभ्याउभ्याच म्हणालो, "दसारामभाऊ, माझ्या मुलीनं सांगितलं."

तिनं काय सांगितलं, ते त्यांनी विचारलं नाही. तिघांना म्हणाले, "आज दाढी नाही होत जी. उद्या या." बाजाराचा दिवस, आठवड्याचं निम्मं काम त्या दिवशीचं. बाकावरचा म्हातारा करडीहून आला होता, तो पेटलाच, "मी काहून वापस जाऊ? तोंड पाह्य माहं, अस्वलावाणी झालं!" दसारामभाऊंनी त्याच्यापुढे हात जोडले आणि शटर ओढलं. मला म्हणाले, "शाळेत फोन करा, तब्येत बरी नाही म्हणा. खोटं नाही होत."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात आम्ही तीन तास बाकावर बसलो. त्या तीन तासांत त्यांनी मला उपदेशाचा एक शब्द ऐकवला नाही. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाचे केस मात्र तपासले. "हा घरीच कापते. याले कोणीतरी फसवलं." आत गेल्यावर डॉक्टरांनी मला जे विचारलं, ते मी आधीच खुर्चीत ऐकलेलं होतं. प्रमाण वाढलं का, ठरवून थांबता येतं का, सकाळी हात थरथरतात का, न घेतल्यास घाम, झोप, चिडचिड कशी, त्यापायी काही सोडून दिलं का. पहिल्यांदाच मी सरळ उत्तरं दिली. हात थरथरतात हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, लवकर आलात. गोळ्या, तपासण्या, दर आठवड्याला भेट. बायकोला बोलावून घेतलं. ती आली, माझ्याशेजारी बसली आणि दसारामभाऊंना पाहून रडली. हे गृहस्थ गडबडले आणि निघताना डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, मोहाडीकडे आले तं दुकानात या. मागून केस लहानमोठे झाले तुमचे."

त्यानंतर त्यांनी मला एक काम लावलं. शाळा सुटली की सहा वाजता दुकानात यायचं. गिऱ्हाईक नसे. आम्ही लिंबू पिळलेला काळा चहा प्यायचो, उकडलेल्या शेंगा खायचो. ते मला वस्तऱ्याला धार लावायला शिकवायचे, मी त्यांना वर्तमानपत्रातली शब्दकोडी. दिवेलागण होऊन अंधार पडला की म्हणायचे, "जा आता." पहिले दोन महिने मी त्या तासाची काठी धरूनच चाललो. एकदा घसरलो. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर म्हणाले, "डॉक्टरले सांगा," आणि शेंगा पुढे केल्या. एका थकलेल्या माणसानं दिवसभर उभं राहून काम केल्यावर रोजचा एक तास मला द्यावा, याचं मला फार मोठं ओझं वाटायचं.

दीड वर्षानं माझी बदली भंडाऱ्याला झाली. मानसी दहावी झाली होती, रात्री जेवल्यावरही गणित विचारायची. निघायच्या दिवशी संध्याकाळी मी दुकानात गेलो, चहा झाला, उठलो. आभार मानायचे होते. म्हणालो, "भाऊ, माझ्यासाठी तुम्ही रोजची संध्याकाळ घालवली. हे मी विसरणार नाही."

ते शेंगांची टरफलं गोळा करत होते.

"तुमच्यासाठी नाही जी," खाली पाहतच ते म्हणाले. "बारा वर्षं झाली, पण सहा वाजले का मले अजूनही तोंडाले कोरड पडते. पाय आपोआप रस्त्याकडे होते. माही बायको पार्बता होती तोवर ती या टायमाले दुकानात येऊन बसे. काही बोले नाही, नुसती तांदूळ निवडत बसे. ती गेली, त्याच्या दुसऱ्या महिन्यात तुम्ही लाखांदूरहून आले." त्यांनी टरफलं कागदात बांधली. "मले कोणीतरी पाह्यजे होतं."

म्हणालो, "मग आता?"

"येईन कोणी. साऱ्याइची दाढी वाढते."

त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. बाहेर अजून उजेड होता, रस्त्यावर सायकली, स्टँडकडून भंडाऱ्याच्या गाडीचा हॉर्न. ती गाडी मला धरायची होती. मी पिशवी खाली ठेवली आणि बाकावर परत बसलो. ते शेजारी बसले. गाडी गेली. समोरच्या दुकानात दिवा लागला, मग त्याच्या बाजूच्या. हळूहळू रस्ता काळा झाला.

मग दसारामभाऊंनी एक मोठा श्वास सोडला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"झालं जी आजचं," म्हणाले. "जा, पोरगी वाट पाहून राह्यली असन."