लघाट्यांकडे कचराच नाही!

अंबिका लघाटे यांनी नवऱ्याच्या हातातली कचोरी काढून घेतली आणि जाहीर केलं, "आजपासून या घरातून कचऱ्याचा एक कणसुद्धा बाहेर जाणार नाही!"

"आणि मी?" बंडूभाऊंनी विचारलं.

"तुम्ही जा. या. पण येताना हातात काही आणायचं नाही!"

अंबिकाबाईंनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. त्यामुळे त्या बोलायच्या कमी, आणि बोलल्या की समोरचा आपोआप सरळ बसायचा. आठवडाभरात गच्चीवर खताचा ड्रम आला. दुधाला बरणी, शेवेला स्टीलचा डबा, भाजीला कापडी पिशवी. लिंबाच्या सालींतून फरशी पुसायचं पाणी तयार झालं. बंडूभाऊंच्या जुन्या लेंग्यांची पायपुसणी झाली आणि नवे लेंगे आपला नंबर कधी लागतो म्हणून भेदरून दोरीवर लटकू लागले.

पुड्यात, पाकिटात, पिशवीत बांधलेलं काहीही घरात यायला बंदी! पोहे खायचे तर ठेल्यावर घरची ताटली न्यायची. बंडूभाऊंनी एकदा नेली. ठेलेवाल्याने त्यांच्या जुन्या सदऱ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, पोह्यांवर जरा जास्तच शेव टाकली आणि हळूच म्हणाला, "पैसे रहने दो, बाबा." बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले बंडूभाऊ ताटली सदऱ्याखाली लपवून घरी आले. पुन्हा गेले नाहीत.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर अंबिकाबाईंना गल्लीच्या स्वच्छता समितीचं अध्यक्षपद हवं होतं. दिवाळीआधी निवड होती. इंदुरात माणसाकडे बंगला नसला तरी चालतं, पण स्वच्छता समितीचा अध्यक्ष म्हटलं की समोरचा हातातली केळ्याची साल मागे लपवतो! सध्या ते पद समोरच्या बेबीताईंकडे होतं आणि त्या गॅलरीतून अख्ख्या गल्लीवर दुर्बिणीशिवाय नजर ठेवायच्या.

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की गल्ली ब्रश तोंडात ठेवून बादल्या घेऊन धावायची. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाची साखर वाढलीय, कोणाच्या सुनेनं स्वयंपाक सोडलाय, सगळं गल्लीला बादलीवरून कळायचं. त्या गर्दीत अंबिकाबाई रिकाम्या हातांनी, ताठ मानेनं फाटकात उभ्या राहू लागल्या.

"आंटी, गीला?" गाडीवरची दीदी विचारायची.

"नाही!"

"सूखा?"

"नाही!"

"टूटा काँच, पुराना सेल, दवाई?"

"काहीच नाही!"

दीदीचा चेहरा उतरला. "आंटी, घर में सब ठीक है ना? खाना-वाना?"

आधी गल्लीला वाटलं, लघाटे गावाला गेलेत. मग वाटलं, आजारी आहेत. एकीनं तर वरण-भाताचा डबाही आणून दिला. दीड-दोन महिने असे गेले आणि एके दिवशी गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या प्लॉटवर, बोगनवेलीच्या मागे, एक फुगलेलं पोतं सापडलं. आत तेलकट पुडे, पानांचे दोने, जिलबीचे डबे, चटणीच्या थैल्या!

इंदुरात, रिकाम्या प्लॉटवर, कचरा! बेबीताईंना गॅलरीतल्या गॅलरीत घेरी आली. सावरल्यावर त्यांनी हिशेब मांडला. गल्लीत सगळे कचरा देतात. एकच घर देत नाही.

"अंबिकाताई," त्या दारात येऊन म्हणाल्या, "आमच्या शर्वरीला तुम्हीच शिकवलंत ना, पदार्थ कधी नष्ट होत नाही म्हणून?"

"हो. का?"

"मग तुमचा जातो कुठे?"

मागे उभ्या असलेल्या समितीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अंबिकाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच शिकवण्याचा राग आला.

"चला गच्चीवर! पुरावा दाखवते!"

सगळ्या वर गेल्या. अंबिकाबाईंनी विजयी मुद्रेनं ड्रमचं झाकण उघडलं. आत काळंभोर, भुसभुशीत, सुंदर खत! बेबीताईंनी चिमूटभर उचललं, हुंगलं.

"ही तर माती आहे."

"तेच तर! कचऱ्याची माती झाली!"

"पण वास येत नाही."

"वास येत नाही म्हणजेच उत्तम झालंय!"

"बघा हं," बेबीताई समितीकडे वळल्या, "ना साल, ना देठ, ना वास. नर्सरीतून आणून भरली तरी आपल्याला काय कळणार?"

अंबिकाबाईंनी ड्रमचं झाकण धाडकन लावलं. खत थोडं कमी चांगलं झालं असतं तर त्या वाचल्या असत्या! जाता जाता बेबीताई म्हणाल्या, "रविवारी निवड आहे. चोरून कचरा टाकणारी बाई अध्यक्ष झाली तर लोक हसतील हो."

त्या रात्री बंडूभाऊंना जेवण गेलं नाही. "अगं, एक बादली कचरा दे ना उद्या! मामला खतम!"

"देऊ कुठून? घरात आहे का?"

"मी करतो ना! दोन कचोऱ्या आणतो, चुटकीत करतो कचरा..."

"खबरदार!"

शेवटी शनिवारी अंबिकाबाईंनी स्कूटर काढली आणि मल्हारगंजला नणंदेकडे गेल्या. सुरुचीकडे नुकतंच नातवाचं बारसं झालं होतं. घर अजून भरलेलं होतं.

"सुरुची, थोडा कचरा देतेस का? उसना?"

सुरुचीला वाटलं, वहिनींना ऊन लागलं. "वहिनी, लोक साखर मागायला येतात. चहापत्ती मागतात..."

"देतेस की नाही?"

मग मात्र सुरुचीनं सासर-माहेरची लाज राखली. फराळ बांधून द्यावा तशा दोन गच्च पिशव्या बांधून दिल्या. "अजून घ्या ना! कमी पडायला नको. आणि परत करायची घाई नाही हं!"

पिशव्या स्कूटरवर पुढे ठेवून अंबिकाबाई परतल्या. गल्लीच्या तोंडाशी एका पिशवीतून काहीतरी टपकायला लागलं. गाठ नीट मारावी म्हणून त्या थांबल्या. नेमक्या रिकाम्या प्लॉटपाशी. पिशवी हातात घेऊन खाली वाकल्या.

"पकडलं!"

बोगनवेलीच्या मागून बेबीताई समितीसह बाहेर आल्या.

"मी टाकत नव्हते! मी आणत होते!" अंबिकाबाई ओरडल्या. बोलताना त्यांच्याच लक्षात आलं की हे वाक्य कचऱ्याच्या बाबतीत आजवर कुणी बोललं नसेल.

बेबीताईंनी पिशवी उघडली. आत डोकावल्या. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अंबिकाताई... डायपर?"

एव्हाना गर्दी जमली होती. आरडाओरडा ऐकून बंडूभाऊ चपला अडकवत धावत आले, तशी सगळी गल्ली त्यांच्याकडे वळली. अपार सहानुभूतीनं.

"भाईसाहेब, सांगायचं नाही का?" बेबीताई म्हणाल्या. "वयानुसार होतंच. लाजायचं काय त्यात?"

"काय होतं?" बंडूभाऊंनी विचारलं.

"यांचं नाहीये ते!" अंबिकाबाई किंचाळल्या. "नणंदेच्या नातवाचं आहे! मल्हारगंजहून आणलंय!"

सहानुभूती जागच्या जागी वाळली. "म्हणजे मल्हारगंजचा कचरा आपल्या गल्लीत? आणि ते पोतंही तिथलंच?"

"पोत्याचा आमचा काही संबंध नाही! आमच्या घरात तेलकट पुडा येतच नाही! यांना विचारा!"

सगळ्यांनी बंडूभाऊंकडे पाहिलं. बंडूभाऊंनी चपलांकडे पाहिलं.

"घरात येत नाही," ते हळूच म्हणाले, "म्हणून तर... तिथे ठेवायचो."

"काय?"

"अगं, सकाळी फिरायला जायचो ना... एक कचोरी. कधी समोसा. इतवारको जिलबी. पुडा घरी आणायची बंदी. रस्त्यावर टाकू? इंदुरात? हिंमत होते का? मग पोतं लपवलं. भरलं की गाडीत गुपचूप देणार होतो. पण तुला सगळ्यांच्या समोर चोर म्हणाले, तर नाही राहवलं."

गल्लीचा निकाल तिथल्या तिथे लागला. अध्यक्ष बेबीताईच. लघाट्यांना माफी, पण एका अटीवर: उद्यापासून सर्वांसारखी बादली आणायची आणि ती अंबिकाबाईंनी स्वतः द्यायची, सगळ्यांच्या देखत.

रविवारी सकाळी गाणं वाजलं. अंबिकाबाई सुरुचीकडचा उसना कचरा ओल्या-सुक्याच्या दोन बादल्यांत भरून फाटकात आल्या. गॅलऱ्या भरल्या होत्या. दीदीनं आनंदानं ओल्याची बादली घेतली, हात घातला आणि थांबली. चिमटीत चटणीची प्लॅस्टिकची थैली वर आली.

"ये गीले में?"

"वजनानं पाहिलं तर," अंबिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यात प्लॅस्टिकपेक्षा चटणी जास्त आहे."

दीदीनं थैलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बादली परत त्यांच्या हातात दिली.

"आंटी, पहली बार कचरा दे रहे हो क्या?"

लग्न झाल्यापासून ही बादली बंडूभाऊच नेत आले होते. वरून अख्खी गल्ली ऐकत होती, आणि खोटं बोलायची अंबिकाबाईंना सवय नव्हती.

"हो," त्या म्हणाल्या.