आखूड टेप

"डॉक्टर, गोळ्यांनी पुरुषांची छाती बायकांसारखी वाढते का?"

मागच्या बाकावरच्या तिघींनी पैज लावली नसती, तर टेलरच्या मुलीने हे विचारलंच नसतं. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खोक्यातला माहितीचा कागद ती पुस्तकात खूण म्हणून घालायची. त्यातल्या बारीक अक्षरांत मैत्रिणींना हे रत्न सापडलं होतं, आणि शाळेत आज नेमक्या डॉक्टरबाई आरोग्यावर बोलायला आल्या होत्या.

वर्गात हशा पिकला. डॉक्टरबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"वाढते. रक्तदाबाच्या, पित्ताच्या काही गोळ्यांनी होतं तसं. दुखतंही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की बहुतेक वेळा कमी होतं. पण पुरुष कुणाला सांगतच नाहीत. सैल शर्ट घालून हिंडतात."

सैल शर्ट ऐकल्यावर टेलरच्या मुलीला बाबांच्या टेपेचा घोळ आठवला.

तीन महिन्यांपूर्वी बाबांनी स्वतःसाठी शर्ट बेतायला घेतला, तेव्हा अडतीसची छाती चाळीस भरली. "टेप आखूड झालीय," असा निकाल देऊन त्यांनी ती फेकली. नवी टेपही चाळीसच म्हणाली.

"हल्ली टेपाच आखूड येतात."

"अहो, तुम्हीच सुटलाय," आई म्हणाली.

"तीस वर्षं मापं घेतोय मी. माझं माप मला ठाऊक नाही?"

तेव्हापासून ते टेपेची चूक म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या छातीतून दोन इंच वजा करत होते. घट्ट झालं म्हणून कुणी कुरकुरलं, तर "तुम्हीच सुटलाय" म्हणून वाटेला लावत होते. बँडवाल्यांचे बावीस कोटही त्याच हिशेबाने शिवून कालच गेले होते.

शाळा सुटल्यावर ती धावत दुकानात पोचली, तर बँडमास्तर कोटांचा ढीग टाकून उभे.

"ट्रंपेटवाल्याने नुसता श्वास भरला, टेलरमास्तर. तीन बटणं उडाली. एक ढोलावर बसलं, तेवढाच काय तो ताल. परवा वाजवायचंय आम्हाला. तोवर कोट झाले नाहीत, तर या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही."

ते गेल्यावर बाबांनी टेपेकडे खुनशी नजरेने पाहिलं.

"बाबा, तुमची कंबर किती भरली होती?"

"चौतीस."

"आणि आधी?"

"चौतीसच."

"टेप आखूड असती, तर कमरेलाही आखूड असती ना?"

बाबांच्या हातातला खडू थांबला. तिने पुस्तकातला गोळ्यांचा कागद टेबलावर पसरून एका ओळीवर बोट ठेवलं. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या आईने उठून, चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"दुखतं का हो?"

"शर्ट घासला की. थोडं." बाबा मशीनकडे तोंड करून म्हणाले.

"मग तीन महिने बोलला का नाहीत?"

"काय बोलू? टेलरनेच कुणाला म्हणायचं, माझी छाती मोजा?"

तेवढ्यात तिने एक कोट उलटा करून पाहिला. शिवणीच्या आत कापडाची भरपूर माया सोडलेली होती. मापात चुकले तरी माया सोडायला बाबा विसरले नव्हते. तिने कात्री उचलली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "हे बावीस कोट मी आणि आई उसवणार, तुम्ही शिवणार. उद्या सकाळी शाळेआधी आपण तिघं तुमच्या डॉक्टरांकडे जायचं. तोवर गोळी मनाने बंद करायची नाही."

"अगं, पण तिथे जाऊन त्यांना विचारायचं तरी कसं?"

"ते मी बघते. मला आता सवय झालीय."