द्वारकाअक्काची बिनकष्टाची बाग

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका बाळांनो, तिथले लोक लगेच दुखावतात) द्वारका नावाची एक साळिंदरीण राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. अंगावर एवढे काटे, पण कुणी सल्ला दिला की तिला नाही म्हणता येत नसे.

अक्काच्या आईने लावलेली एक डबल जास्वंद होती. आई गेली. मग एका दुपारी गव्यांचा कळप आला आणि झाडही गेलं. उरल्या तीन काड्या. अक्काने त्या उचलून बिळात आणल्या, कारण बाहेर मरणाची थंडी होती.

नदीपलीकडून धाकट्या बहिणीचा, अंबूचा, निरोप आला. "अक्का, आईचं एवढंच राहिलंय गं. थंडीभर जगव. होळीला मी फांदी न्यायला येते."

पण अक्काच्या हातून आजवर गवतसुद्धा धड जगलं नव्हतं.

त्या जंगलात एक माकड 'बिनकष्टाची बाग' नावाचा वर्ग चालवायचं. गुरुजी स्वतः कोवळे कोंब खाऊन राहायचे, पण बोलायचे फार गोड.

"काही म्हणजे काही करायचं नाही," गुरुजी म्हणाले. "सकाळी दव शिंपडायचं. कवडसा सरकला की कुंडी सरकवायची. रात्री पाचोळ्याचं पांघरूण घालायचं, पहाटे काढायचं. आणि मधूनमधून विचारपूस."

"एवढंच?" अक्का म्हणाली आणि काड्या कुंड्यांत खोचून कामाला लागली.

कवडशामागे कुंड्या ढकलून ढकलून तिची कंबर धरली. धड जेवण नाही, धड झोप नाही. त्यात तिला घाई मुळं बघायची. रोज सकाळी ती प्रत्येक काडी हळूच उपटायची, खाली बघायची, "अजून नाहीत गं बाई," म्हणायची आणि परत खोचायची. हसू नका बाळांनो. तुमच्या घरीही कुणीतरी हेच करत असेल.

पहिली काडी कुजली. दुसरी वाळली. तिसरीची पानं गळाली तेव्हा अक्का ढसाढसा रडली. "कर्म माझं! आईचं झाड मी माझ्या हाताने मारलं. अंगभर काटे फुटले, अक्कल तेवढी फुटली नाही."

तिसरी काडी टाकवेना आणि बघवेनाही. बिळाच्या तोंडाशी ओल्या वाळूवर पाण्याचा माठ होता. तो सारखा डुगडुगायचा. अक्काने काडी टेकू म्हणून वाळूत खुपसली आणि अंगाची मोळी करून झोपली. उरलेली थंडी तिने अशीच झोपून काढली.

होळीला अंबू आली. पाणी प्यायला वाकली आणि किंचाळलीच. काडीला हिरव्यागार फांद्या फुटल्या होत्या!

"अक्का! कशी गं जगवलीस?"

"मी काहीच केलं नाही," अक्का म्हणाली. "झोपले होते."

अंबूचं तोंड उतरलं. "सांगायचं नसेल तर नको सांगूस. मी काय परकी आहे?"

"अगं, देवाशप्पथ..."

"राहू दे. आई असती तर तिने सांगितलं असतं." अंबूने काटे फुलवले आणि पाठ फिरवली.

आईचं झाड हाती लागलं आणि बहीण चालली. अक्का घाबरली.

"थांब गं! सांगते. सकाळी दव शिंपडायचं..." तिने गुरुजींचा अख्खा पाठ घडाघडा म्हणून दाखवला. भरीला स्वतःचीही युक्ती सांगितली, रोज मुळं बघायची.

अंबूचे डोळे भरून आले. "किती केलंस गं आईसाठी!" म्हणत तिने अक्काला मिठी मारली. दोघींनाही टोचलं, पण कुणी बोललं नाही.

अंबू एक फांदी घेऊन आनंदात घरी गेली. ती फांदी काही जगत नाही, हे अक्काला ठाऊक होतं. तिने त्याच संध्याकाळी आणखी एक काडी, अंबूच्या नावाची, माठाशेजारी खुपसली आणि झोपायला गेली.

तात्पर्य, घ्यायचंच असेल तर: झाड जगवायचं असेल तर त्याच्याकडे फार बघू नये. नातं जगवायचं असेल तर फार बघितलं, असं सांगावं.