संतोषबाईंच्या पाण्यातले जीव

"माझ्या गाळलेल्या पाण्यात एक जीव दाखव, मंग या घरात तू म्हणशील ती भाजी, कांदासुद्धा," संतोषबाई सुनेला म्हणाल्या.

हा तोरा उगाच नव्हता. भोकरदनच्या त्या गल्लीतल्या जैन घरांत संतोषबाईंसारखं पाणी कुणी गाळत नसे. फडकं दुहेरी, धार बारीक, हात थिर. फडक्यावर जे अडकेल ते वाटीत धुऊन परत अंगणातल्या आडात सोडायचं, झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसं.

सून मुस्कान शाळेत विज्ञान शिकवायची. उद्या तपासणीला साहेब येणार, म्हणून तिनं शाळेचा मायक्रोस्कोप सरावाला घरी आणला होता. सोबत शाळेतली न फुटलेली एकुलती एक काचपट्टी. तिनं तो खिडकीशी मांडला, खालचा आरसा आभाळाकडे वळवला आणि पट्टीवर माठातल्या पाण्याचा थेंब ठेवला.

"मम्मी, हा स्क्रू हळूहळू फिरवा. अन् डोळा भिंगाला चिकटवू नका, जरा लांबून..."

तेवढ्यात शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला आणि रेंजसाठी ती गच्चीवर पळाली.

लांबून कशाला? संतोषबाईंनी डोळा असा टेकवला, जणू दाराच्या फटीतून नवरी बघायची आहे.

आत चांदणं सांडलं होतं. आणि त्या चांदण्यात काळे, वाकडे, लांबच लांब जीव. त्या दचकल्या, तसे ते जास्तच वळवळले.

"अहो, इकडं या," त्यांनी दुकानाकडे हाक मारली. "जल्मभर मी तुम्हाला काय पाजून राह्यले?"

रामनिवास दुकानातून उठून आले, वाकले. "बाप रे. पाय झाडून राह्यलेत की."

शेजारच्या नंदाबाई विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनीही बघितलं. "माय, मला दिसले ते लई जाड हायेत. घोरपडीवानी."

संतोषबाईंनी माठावर झाकण ठेवलं. "मी पाणी पिणार न्हाई."

चैत्राचं ऊन होतं. दुपारपासून त्यांच्या घशात घोट गेला नव्हता, आणि दिवस मावळला की त्यांना उद्या उजाडेपर्यंत पाणी वर्ज्य. सूर्य चिंचेच्या शेंड्याला टेकला होता. रामनिवासांचा जीव वरखाली. त्यांनी फडक्याच्या चार पदरांतून पाणी गाळलं, पट्टीवर नवा थेंब ठेवला. जीव तिथंच. स्वतःचं नवं धोतर आणलं, त्यातून गाळलं. जीव जागचे हलले नाहीत, म्हणजे हलत होते तसेच हलत होते.

"श्रेणिकच्या मम्मी," ते लेकाच्या नावानं विनवू लागले, "एक घोट घ्या. डोळे मिटून."

"डोळे मिटल्यानं पाप मिटतं का?"

मुस्कान खाली आली. तिनं बघितलं. "पाणी तर स्वच्छ आहे."

"म्हणजे तुझे डोळे गेले," रामनिवास कळवळून म्हणाले.

मुस्काननं तिघांकडे पाहिलं. मग तिची नजर नंदाबाईंवर थांबली. "काकू, काजळ लावलंय?"

"रोजच लावते. का बरं?"

"मम्मी, आत बघता बघता पापणी मिटा."

संतोषबाईंनी मिटली. सगळे जीव एकदम वाकले, पाया पडल्यासारखे.

"तुमच्याच पापण्या आहेत त्या. म्हणून लांबून बघा म्हटलं होतं."

नंदाबाई हसत सुटल्या त्या विरजण विसरूनच घरी गेल्या.

"मंग खरा जीव कसा असतो गं?" संतोषबाईंनी हळूच विचारलं.

मुस्काननं वाटीतल्या, आडात सोडायच्या पाण्याचा थेंब पट्टीवर घेतला आणि वर ठेवायला पातळ झाकणकाच उचलली. "ती काच वर ठेवू नको, चिरडेल," सासूबाई म्हणाल्या. आता डोळा बोटभर लांब.

काचेसारखं अंग. डोक्यावर दोन चाकं गरगरताहेत, बाळाच्या भिंगऱ्या जशा. अंगाच्या आत इवलंसं पोट, पोटात हिरवा घास.

"जेवलीय ती," संतोषबाई कुजबुजल्या. इतकी वर्षं फडक्यावरून ज्याला नुसत्या श्रद्धेनं घरी धाडलं, त्याचं तोंड आज दिसलं होतं. डोळे भरून आले आणि सगळंच पुसट झालं.

"मम्मी, पाणी प्या. दिवस चाललाय."

"आधी हिला घरी सोडा. थेंब सुकून राह्यला."

रामनिवास काचपट्टी ओंजळीत धरून आडाकडे धावले. "सोडली," तिकडून आवाज आला. इकडे संतोषबाईंनी तांब्या तोंडाला लावला. शेवटचा घोट उतरला आणि चिंचेआड सूर्य गेला.

"पप्पा, काचपट्टी कुठं आहे?"

रामनिवासांनी दोन्ही रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"तिच्यासोबतच गेली ना बेटा. पट्टीवरून खाली उतरवायला मला ती कुठं दिसून राह्यली?"