सिरिलोची बाल्कनी

"सनावळ्या बंद," असं रेनाताबाईंनी शुक्रवारी सांगितलं, तेव्हा लिबोरियो मास्तरांना वाटलं, आता बोलायला उरलं काय.

पुएब्ला शहर पायी हिंडवून दाखवायचं आणि वाटेत चार ठिकाणी खाऊ घालायचं, असा रेनाताबाईंचा व्यवसाय होता. मास्तर त्यांच्याकडचे सर्वांत जुने वाटाडे. त्याआधीचं आयुष्य त्यांनी नगरपालिकेच्या दफ्तरखान्यात घालवलं होतं. तिथे बोलायची वेळ फारशी येत नसे, त्यामुळे आवाज जो बसला तो बसलाच. लोक तक्रार करत, की म्हातारा काहीतरी पुटपुटतो आणि जे ऐकू येतं त्यात नुसते सन असतात.

"लोकांना चव हवी असते, मास्तर. साल नको आणि नावंही नकोत," बाई म्हणाल्या. "'ते इथे यायचे, ते हे खायचे' असं बोला. माणूस जिवंत वाटला पाहिजे. आता आणखी एक तक्रार आली तर छत्री दुसऱ्याला देईन."

छत्री म्हणजे वाटाड्याने उंच धरायची पिवळी छत्री. मास्तरांना ती धरून रस्त्याने चालायची लाज वाटे. म्हणून शनिवारी सकाळी ते नेहमीसारखे आपली काळी छत्री, एकुलता एक काळा कोट आणि काखेत जुनं पुस्तक असे सान फ्रान्सिस्कोच्या चर्चसमोरच्या कारंज्यापाशी आले. तिथे माणसं उभीच होती. राजधानीहून येणारी मंडळी वेळेवर आली, याचंच त्यांना नवल वाटलं. सगळ्यांचे कपडे काळे होते. राजधानीत हल्ली काळ्याची फॅशन असल्याचं त्यांनी कुठेसं वाचलं होतं.

ती राजधानीची माणसं नव्हती. डोंगरातल्या गावाहून पहाटेच्या बसने आलेली ती सिरिलोची बायको तोमासा, मुलगा मार्सियाल, बहीण मिकाएला आणि आणखी काही नातेवाईक होते. सिरिलो पोटासाठी तरुणपणी पुएब्लात आला आणि जन्मभर तिथेच राहिला. नाताळात तेवढा गावी जाई. गेल्या आठवड्यात तो भाड्याच्या खोलीत झोपेतच गेला. घाटात दरड कोसळलेली, त्यामुळे घरच्यांना मातीलाही पोहोचता आलं नव्हतं. आज नववा दिवस होता. आज प्रार्थना म्हणून जमिनीवर मांडलेला चुन्याचा क्रूस उचलायचा, की आत्मा निघायला मोकळा. घरमालकीण क्रेसेन्सियाने फोनवर सांगितलं होतं, की कारंज्यापाशी थांबा. प्रार्थना सांगणारे मास्तर येतील, काळा कोट असेल, हातात पुस्तक असेल, ते तुम्हाला घरी आणतील.

मास्तरांनी छत्री वर धरली, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "आज आपण त्यांच्या पावलांवरून चालणार आहोत."

तोमासाने छातीवर क्रूस काढला. मेलेला माणूस जग सोडण्याआधी जिथे जिथे वावरला तिथे जाऊन आपली पावलं गोळा करतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. शहरात हे काम माणूस लावून करून घेतात, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. पद्धत चांगली आहे, असं ती मार्सियालला हळूच म्हणाली. नवरा या शहरात कसा राहिला हे तिला कधी कळलंच नव्हतं. आता क्रूस उचलण्याआधी कळणार होतं.

मास्तरांच्या मनातली पावलं एका साखरेच्या व्यापाऱ्याची होती. त्याला जाऊन दोनशेहून अधिक वर्षं झाली होती आणि त्याच्यावर मास्तरांनी आयुष्यभर टिपणं काढली होती. पण नाव घ्यायला मनाई आणि साल सांगायलाही मनाई.

आधी सगळे चर्चमध्ये गेले. ते दर रविवारी यायचे, पण मागच्या खांबाला टेकून उभे राहायचे आणि प्रवचन सुरू झालं की सटकायचे, असं मास्तरांनी सांगितलं. मिकाएला म्हणाली, लहानपणापासून तस्साच. हे ऐकून मास्तर चपापले, पण मंडळींनी वाचन करून आलेलं दिसतं, या विचाराने सुखावलेही. एरवी लोक मागे रेंगाळत फोटो काढत बसत. हे लोक आजाऱ्याच्या उशाशी वाकावं तसे त्यांच्या तोंडाशी कान आणून ऐकत होते.

मिठाईच्या गल्लीत मास्तरांनी सगळ्यांना रताळ्याच्या कांड्या वाटल्या आणि सांगितलं, की रात्री जेवणानंतर ही मिठाई खाल्ल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. तोमासाने कांडी हातातच धरून ठेवली. नाताळात यायचा तेव्हा सिरिलो म्हणायचा, मक्याची कोरडी भाकरी आणि मीठ, यावर दिवस काढतो. ते ऐकून ती त्याच्या पिशवीत सुकवलेली सफरचंदं भरायची. तिने कांडी तोंडात घातली. गोड होती, आणि तेच तिला सहन होईना.

पुढे चालुपांच्या, म्हणजे मक्याच्या छोट्या तळलेल्या पोळ्यांच्या शेगडीपाशी मास्तरांनी सांगितलं, की ते उभ्या उभ्या एक ताटली संपवायचे आणि दुसरी घरी न्यायचे. घरी म्हणजे कुठे, असं मार्सियालने विचारलं. ते पुढे येईलच, असं मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं, आपण कथेत उत्कंठा निर्माण केली. ती खरोखरच झाली होती.

मनुक्यांच्या दारूच्या छोट्या गुत्त्यापाशी तर तोमासा उंबऱ्याबाहेरच थांबली. सिरिलोने लग्नानंतर ग्वादालुपे मातेसमोर शपथ घेतली होती, की थेंबाला शिवणार नाही. मास्तरांनी पेला पुढे केला आणि ते इथे रोज यायचे, असं कौतुकाने सांगितलं.

"रोज?" तोमासा म्हणाली.

"रविवारी दोनदा."

तोमासाने पेला घेतला, एका घोटात संपवला आणि दुसरा मागितला. वहिनी, जपून, असं मिकाएला म्हणाली. आता कशाला जपायचं, असं तोमासाने तिला विचारलं.

शेवटचं ठिकाण निळ्या फरशांचं घर. मास्तरांचा सगळा जीव या घरात होता. वरच्या बाल्कनीकडे छत्री रोखून ते सांगू लागले, की इथे एक विधवा राहायची. ते संध्याकाळी यायचे. बाल्कनीत वेताच्या खुर्च्या मांडलेल्या असायच्या. दोघं काही न बोलता रस्त्याकडे बघत बसायची आणि अंधार पडला की ते मागच्या दाराने निघायचे.

मास्तरांनी वळून पाहिलं. सगळ्यांचे डोळे भरून आले होते. मिकाएला तर भिंतीला धरून उभी होती. आपल्या बोलण्याने कुणी रडेल असं मास्तरांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी नेहमी गाळायचा तो भागही सांगून टाकला, की मुलं दोन होती.

"दोन," मार्सियाल म्हणाला.

"तिचं प्रेम होतं का याबद्दल मतभेद आहेत," मास्तर नम्रपणे म्हणाले. "त्यांचं मात्र होतं. त्याला पुरावे आहेत."

तोमासाने शालीने तोंड पुसलं आणि आता घरी न्या, एवढंच म्हणाली. मार्सियालने पत्ता दाखवला. पाहुणे तिथे उतरले असतील असं समजून मास्तर त्यांना क्रेसेन्सियाच्या घरी घेऊन गेले.

दारावर काळी फीत होती. आत अंगणात गर्दी होती आणि गर्दीच्या मध्यभागी एक धिप्पाड माणूस भिंती हादरतील अशा आवाजात प्रार्थना म्हणत होता. हा खरा प्रार्थना सांगणारा. तो कारंज्यापाशी उशिरा पोहोचला होता. त्याहून उशिरा राजधानीची मंडळी पोहोचली. "चला, आत्मा खोळंबलाय," असं तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की काही विचारायचं कुणाला सुचलंच नाही. आता ते पाहुणे रांगेत बसले होते. मांडीवर मोलेच्या, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्श्याच्या ताटल्या होत्या. कुठल्याही सहलीत इतका अस्सल अनुभव मिळाला नव्हता, असं एकजण डोळे पुसत दुसऱ्याला सांगत होता. पुढच्या शनिवारपासून पिवळी छत्री त्या धिप्पाड माणसाच्याच हातात आली, पण ते नंतरचं.

मास्तरांनी भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहिला. मग तोमासाकडे पाहिलं. मग परत फोटोकडे.

क्रेसेन्सियाने तोमासाला मिठी मारली आणि क्रूसापाशी आणलं. पांढऱ्या चुन्याने रांगोळीसारखा काढलेला क्रूस, भोवती फुलं. माथ्याकडचा चुना आधी बायकोने उचलायचा, मग बाकीच्यांनी.

"मी नाही उचलणार," तोमासा म्हणाली. "निळ्या फरशांवालीला बोलवा. तिने उचलावा."

प्रार्थना थांबली. क्रेसेन्सियाला काही कळेना. ती समजावू लागली, की क्रूस उचलला नाही तर तो जाणार नाही. न जाईना का, तोमासा म्हणाली.

"अगं बाई, मग राहील कुठे?" क्रेसेन्सिया म्हणाली. "माझ्याच खोलीत ना? मला ती भाड्याने द्यायचीय."

मास्तर पुढे झाले. ते हे नव्हेत, ते दुसरे, असं ते म्हणाले. भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्यांना नुसतं पुटपुटणं ऐकू आलं. "त्याला शांती दे, प्रभो," असं त्या एका सुरात म्हणाल्या. चूक माझी आहे, असं मास्तर म्हणाले. "त्याला शांती दे, प्रभो." राजधानीचे पाहुणेही आता या उत्तरात सामील झाले होते. मार्सियाल तोंड फिरवून दाराकडे निघाला होता. मास्तर ओरडले,

"तो सतराशे ब्याऐंशी साली मेला!"

असा आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, जन्मसाल सांगितलं, लग्नाचं, दोन्ही मुलांचं, घर बांधल्याचं साल सांगितलं. जितकी सालं येत होती, तितका तोमासाचा चेहरा सैल होत गेला. शेवटी ती क्रेसेन्सियाकडे वळली.

"मग माझा कसा राहायचा?"

क्रेसेन्सिया किल्ली घेऊन मागच्या खोलीकडे चालू लागली. तोमासाने मास्तरांना खूण केली, तुम्हीही या.

खोलीत एक पलंग होता. भिंतीला खिळा, खिळ्याला टोपी. खिडकीला आतून काळा कागद चिकटवला होता. सिरिलो कापडाच्या गोदामावर रात्रीची राखण करी आणि दिवसा झोपे. तो कुठे जात नसे, असं क्रेसेन्सियाने दारातूनच सांगितलं. संध्याकाळी भाकरी आणि मीठ फडक्यात बांधून निघायचा, उजाडता परत यायचा. मोठ्या चौकात काय काय आहे, हे त्याने एकदा तिलाच विचारलं होतं. एवढं सांगून ती पाहुण्यांना वाढायला निघून गेली.

तोमासा पलंगाच्या कडेवर बसली.

"म्हणजे खरं सांगत होता," ती म्हणाली. "आणि मी चिडवायचे त्याला. म्हणायचे, एवढ्या मोठ्या शहरात राहतोस आणि मीठभाकरीच्या कहाण्या सांगतोस."

मास्तर टोपीकडे बघत उभे राहिले.

"गावात विचारतील, कसा राहायचा म्हणून," ती म्हणाली. "त्याच्या गोष्टीत मिठाई राहू दे, मास्तर. आवडली असती त्याला."

"राहू दे."

"त्या चालुपाही. उभ्या उभ्या."

"आणि गुत्ता?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"एक पेला. नाताळाला बस पकडायच्या आधी. शपथेचं मी बघते."

बाहेर म्हाताऱ्यांनी पुन्हा प्रार्थना सुरू केली होती. मास्तरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"आणि बाल्कनी?"

तोमासाने खिडकीवरच्या काळ्या कागदाकडे पाहिलं.

"बाल्कनी असू दे. संध्याकाळी बसायला बरी," ती म्हणाली. "बाई काढून टाका."

मास्तरांनी जन्मात कुणाच्या आयुष्यातलं एक सालही इकडचं तिकडे केलं नव्हतं. त्यांनी काखेतलं पुस्तक घट्ट दाबून धरलं.

"काढली," ते म्हणाले.

तोमासा उठली. खिळ्यावरची टोपी तिने शालीखाली घेतली आणि क्रूस उचलायला निघाली. दारात मात्र थांबली.

"फरशा निळ्या होत्या ना?"

"निळ्या," मास्तर म्हणाले, आणि या वेळी ते तिला कान जवळ न नेताही स्पष्ट ऐकू आलं.